अनवाण्याचा धाकटा भाऊ

हदलै जेवायला बसला होता आणि त्याच्या अंगावर आमच्या मेलेल्या भावाचा झगा होता.

झगा त्याला होत नव्हता. एल्नाथानदादा उंच, सडसडीत. हदलै बुटका आणि रुंद. काखेतली शिवण उसवली होती आणि तिच्यातून घामेजलेले केस बाहेर डोकावत होते. भाकरीचा तुकडा तेलात बुडवून तो तोंडात कोंबायचा. तेल दाढीतून ओघळायचं आणि दादाच्या झग्याच्या गळ्यावर पडायचं. दादाला जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. मी माझी भाकरी बाजूला सारली.

"खा की रे यरीब," हदलै भरल्या तोंडाने म्हणाला. "तेल तरी चाखून बघ. झऱ्यावरच्या बनातलं आहे."

झऱ्यावरचं बन म्हणजे दादाचं बन. आम्ही तिघे भाऊ. आमचं गाव एन-हदास, इस्राएलाच्या डोंगराळ मुलखातलं. एक झरा, एक वेस आणि बाकी सगळा चढउतार. बाप गेला तेव्हा वाटणी रीतीप्रमाणे झाली. थोरल्याला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक. दादाला झऱ्यालगतचं जैतुनाचं जुनं बन मिळालं, हदलैला मधल्या उतारावरची शेतं आणि मला वरचा माळ, जिथे नांगराला मातीपेक्षा दगडच जास्त लागायचे. दादा चार वर्षं संसार करून तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली अतारावहिनी, आणि ते बन.

वहिनी पाण्याची सुरई घेऊन आली. हदलैने तिला हातानेच बसायची खूण केली, जशी कुणी शेळीला करावी.

"बस, अतारा. तुझ्याशी बोलायचंय."

दादा असताना हाच माणूस तिला 'वहिनी, वहिनी' करत मागे फिरायचा. आता ती अतारा झाली होती. ती बसली नाही. सुरई खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली.

"हे बघ," हदलै म्हणाला, "मागची खोली तुझी. मेंढ्यांच्या गोठ्याला लागून आहे, म्हणजे थंडीत ऊबही मिळेल. दोन मेंढ्यांची लोकर दरसाल तुझी. जेवणखाण आमच्यात. मी काही तुला रस्त्यावर काढत नाही. मग उगाच वेशीवर जाऊन गावाला तमाशा कशाला दाखवायचा?"

वेशीवर जाण्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या पाठच्या भावाने विधवेला बायको करून घ्यायची. तिला जो पहिला मुलगा होईल तो मेलेल्याचा. नाव त्याचं, वाटा त्याचा. पाठचा भाऊ तयार नसेल तर विधवेने त्याला वेशीवर, पंचांसमोर उभा करायचा, त्याच्या पायातली वहाण आपल्या हाताने काढायची आणि त्याच्या तोंडावर थुंकायचं. मग हक्क त्याच्या पुढच्या भावाकडे जातो, आणि त्यालाही तिच्यापासून मुलगा झाला नाही तर वाटा त्याच्याकडेच राहतो. आणि विधवा वेशीवर गेलीच नाही, गप्प राहिली, तर मेलेल्याचा वाटा घरातल्या वडील भावाकडे आपोआप येतो. आता घरातला वडील भाऊ हदलै होता.

"आणि त्यांचं नाव?" वहिनीने विचारलं.

"कुणाचं?"

"तुमच्या भावाचं."

हदलैने करंगळीचं नख दातात घातलं, अडकलेलं काही बाहेर काढलं, निरखून पाहिलं आणि परत खाल्लं. "नावातून काय तेल निघतं?" तो म्हणाला. "मी नांगरायचं, मी पाणी घालायचं, मी झाडं झोडायची. आणि पंधरा वर्षांनी तुझा पोरगा उठून म्हणणार, काका, बाजूला व्हा, बन माझं आहे. माझ्याच घरात वाढलेला, माझ्याच बीजाचा, आणि वारस दुसऱ्याचा! सांग ना यरीब, कुठला शहाणा माणूस असं करील?"

"नियम आहे, भाऊ," मी म्हणालो.

"नियम करणाऱ्यांना झऱ्यावरचं बन नव्हतं," हदलै म्हणाला आणि मोठ्याने ढेकर दिली. त्या ढेकरेचा वास आमच्या तिघांमध्ये लोंबकळत राहिला. मी उठलो.

मला त्याची लहानपणापासून किळस यायची, हे कबूल करतो. तो झोपेत दात खायचा. मेंढीच्या अंगावरच्या गोचिड्या नखावर चिरडून नख चाटायचा. आई गेली त्या दिवशी लोकांनी शोकाला आणलेली सगळी भाकरी त्यानेच संपवली होती. पण त्या दुपारी दादाच्या झग्यात बसून दादाची बायको गोठ्यात ठेवायची भाषा करणारा हदलै पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस आणि मी एकाच पोटातून आलो, याची मला लाज वाटली.

संध्याकाळच्या आधी मी झऱ्यावर गेलो. वहिनी घागर भरत होती. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. ती या घरात आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. अंगावर फाटकी कांबळ आणि डोक्यात उवा. त्या उवा तिने एकेक करून काढल्या होत्या आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं.

"यरीब," ती म्हणाली, "खरं सांग. मी काय करू?"

"वेशीवर जा."

"बोलायला काय जातंय! ते नाही म्हणाले तर?"

"म्हणू दे. वहाण काढ, थुंक आणि मोकळी हो."

"मोकळी होऊन जाऊ कुठे?" तिने घागर काठावर टेकवली. "गावासमोर त्यांची अब्रू काढली की ती मागची खोलीही गेली. माहेरी ना बाप, ना भाऊ. आज त्यांच्या गोठ्याशी का होईना, छप्पर आहे. ते मी हाताने पाडू?"

"त्याच्या पुढचा भाऊ कोण?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी वीस वर्षांचा होतो, ती चोवीसची. झऱ्याच्या पलीकडे दादाचं बन उभं होतं. त्यातली काही झाडं इतकी जुनी की दोन माणसांनी हात पसरले तरी बुंधा कवेत येत नसे. वारा आला की पानं उलटून सगळं बन एकदम पांढरं व्हायचं.

"मी आहे ना, वहिनी," मी म्हणालो.

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस? मुलगा झाला तर तो तुझा नाही. त्यांचा. तू त्याला सांभाळायचं, मोठा करायचं आणि बन त्याच्या हातात देऊन आपल्या माळावर परत जायचं."

"कळतंय."

"दगड फोडायला परत जायचं, यरीब."

"अगं हो. मी हदलै आहे का?"

"शपथ घे."

मी उजवा हात वर केला. "जिवंत देवाची शपथ. हदलै नाही म्हणाला तर दादाचं घर मी उभं करीन."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज जड झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिने झऱ्याच्या पाण्याने तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला ती हसताना दिसली. "उद्याच जाते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर अख्खं गाव लोटलं होतं. गुराख्यांनी गुरं सोडली नव्हती, बायका चुली सोडून आल्या होत्या. पंच दगडी ओट्यांवर बसले होते आणि मधोमध अझन्याबाबा, आमच्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, नियमाचा शब्दन् शब्द पाठ असलेला.

हदलै उशिरा आला. आला तो छाती काढून, आणि गर्दीतून हशा पिकला. मला आधी कारण कळलं नाही. मग त्याच्या पायाकडे पाहिलं. उजव्या वहाणेच्या वाद्या त्याने घोट्यापासून पार पोटरीपर्यंत गुंडाळल्या होत्या आणि जागोजाग गाठी मारल्या होत्या. कातडं रात्री पाण्यात भिजवून बांधलं होतं. सकाळच्या उन्हात ते आवळून हाडासारखं कडक झालं होतं. वहाण काढावीच लागणार हे त्याला माहीत होतं. काढणारीला सुखाने काढू द्यायची नव्हती.

"अतारा, बोल," अझन्याबाबा म्हणाले.

"माझा नवरा एल्नाथान निपुत्रिक गेला," वहिनी म्हणाली. "त्याचा हा भाऊ त्याचं नाव उभं करायला तयार नाही."

"खरं आहे का, हदलै?"

"खरं आहे. मला ही नको."

"विचार करून बोल. तुझ्या घराला लोक पिढ्यान् पिढ्या अनवाण्याचं घर म्हणतील."

"म्हणोत. बनात अनवाणी हिंडायला मला आवडतं." तो लोकांकडे बघून हसला. त्याला अजून वाटत होतं की आपल्यामागे हक्क सांगायला कुणी उठणार नाही. मला तो खिजगणतीत धरतच नव्हता.

"पाय पुढे कर," बाबा म्हणाले.

त्याने पाय पुढे केला. मी तो पाय विसरलेलो नाही. टाचेच्या भेगांत शेण वाळून बसलेलं. अंगठ्याचं नख काळं, अर्धं उचललेलं, त्याखाली पिवळा पू. वादी जिथे मांसात रुतली होती तिथून घाम आणि मळ एकत्र होऊन पाझरत होता. वहिनी धुळीत गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या गाठीला बोटं लावली.

"एकाच हाताने," पंचांपैकी एक म्हणाला. "उजव्या."

पहिली गाठ सुटायला इतका वेळ लागला की पोरं कंटाळून खेळायला लागली. दुसऱ्या गाठीला तिचं नख मुळापासून मोडलं. ती तशीच गाठ ओढत राहिली. हदलै वरून पायाची बोटं हलवत होता. "गुदगुल्या होतात गं," तो म्हणाला, आणि लोक हसले. आमच्याच गावचे लोक, दादाच्या हातची भाकरी खाल्लेले.

मी कमरेचा सुरा काढून पुढे झालो. "बाबा, मी कापून देतो."

"कापायची नाही. सोडायची," अझन्याबाबा म्हणाले. "कापलेली वहाण म्हणजे काढलेली वहाण नव्हे."

"अहो, पण त्याने ती मुद्दाम..."

"नियमात बांधणाऱ्याबद्दल काही नाही. सोडणारीबद्दल आहे."

वहिनीची बोटं रक्ताने निसरडी झाली होती. तिसरी गाठ घोट्याच्या खाली, आत रुतलेली. तिने तीन-चार वेळा प्रयत्न केला. मग मान वर करून विचारलं, "दात चालतील?"

पंच एकमेकांकडे पाहू लागले. कुणी म्हणालं हातच हवा, कुणी म्हणालं हाताला मदत म्हणून तोंड चालेल. बराच काथ्याकूट झाला. त्या पायापाशी एक बाई गुडघ्यांवर बसली होती आणि हे नाकाने कांदे सोलणारे म्हातारे तोंड की हात यावर वाद घालत होते. अखेर बाबांनी मान डोलावली. "नियमात दातांना मनाई नाही."

वहिनीने एकदा मागे वळून पाहिलं. लोकांकडे नाही, माझ्याकडे. मी मान हलवली. मग ती वाकली आणि तिने त्या पायावर तोंड टेकवलं.

लोकांचं हसणं थांबलं. कातड्यावर दात घासल्याचा आवाज मला तेवढ्या अंतरावरून ऐकू आला. हदलैने एकदा पाय मागे ओढायला पाहिलं, पण दोघा पंचांनी त्याची पोटरी धरून ठेवली. तिच्या ओठांवरून, हनुवटीवरून तो पायाचा घाम आणि मळ ओघळत होता. तिला दोनदा ओकारी आली. दोन्ही वेळा तिने ती गिळली आणि परत वाकली. माझ्या शेजारचा माणूस तोंड फिरवून उभा राहिला.

गाठ सुटली. तिने वादी उलगडली, वहाण ओढून काढली आणि दूर फेकली. मग ती उठली आणि तोंडात जे काही साचलं होतं ते सगळं हदलैच्या तोंडावर थुंकली.

असं थुंकणं एन-हदासने त्याआधी पाहिलं नव्हतं. बायका एरवी लाजत लाजत पुढ्यातल्या जमिनीवर थुंकायच्या. हे त्याच्या डोळ्यांवर, नाकावर, दाढीवर पडलं आणि खाली लोंबू लागलं. माझ्या छातीत आनंद मावेना. भर वेशीत मी टाळ्या पिटल्या.

"आजपासून हे अनवाण्याचं घर," अझन्याबाबा म्हणाले. "याच्या पुढचा भाऊ कोण?"

"मी," मी म्हणालो.

हदलैने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मला आणखी एकदा टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"यरीब, तू तुझ्या भावाचं घर उभं करशील?"

"करीन."

"हिला बायको करून घेशील?"

"घेईन."

"मुलगा होईपर्यंत एल्नाथानचं बन राखशील?"

"राखीन, बाबा."

बाबांनी धुळीतून ती वहाण उचलून माझ्या हातात दिली. हक्क माझ्याकडे आल्याची ती खूण. ती अजून ओली होती. लोकांनी माझ्या नावाचा गजर केला. म्हाताऱ्या बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवून, कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढू लागल्या. कुणीतरी म्हणालं की असा दीर सगळ्यांना मिळो. वहिनी बाजूला, भिंतीशी, रडत उभी होती आणि रडता रडता पाण्याने चूळ भरत होती.

पंचांनी मला सगळं विचारलं, पण 'कधी?' एवढं विचारलं नाही.

गर्दी पांगताना हदलैने माझा दंड धरला. थुंकी अजून त्याच्या दाढीत होती. "माझं तोंड मी आत्ता धुतो," तो हळूच म्हणाला, "पण तुझा डाव मला आज कळला. तू मोठा होशील." मी दंड सोडवून घेतला आणि त्याच्या ओल्या बोटांची जागा अंगरख्याला पुसली. मला त्याची इतकी शिसारी आली की त्या दिवसानंतर मी त्याच्याशी कधी बोललो नाही.

त्याच आठवड्यात मी माळ सोडून दादाच्या झऱ्यावरच्या घरात राहायला आलो. वहिनीने दारातला कोपरा सारवला, नवीन चटई विणली. मी तिला म्हणालो, "वहिनी, दादाला वर्ष होऊ दे. लोक काय म्हणतील?" तिला ते पटलं. उलट तिला माझं कौतुक वाटलं.

वर्ष झालं. तेव्हा जैतुनाचा बहर तोंडावर होता. "झोडणी होऊ दे," मी म्हणालो. झोडणी झाली, तेल भरलं, तोवर शेजारच्या गावातून मला एक स्थळ आलं. चांगल्या घरची मुलगी होती. "आधी हे लग्न उरकू दे," मी म्हणालो, "नवी आलेली मुलगी, तिला लगेच सवत दाखवणं बरं नव्हे." वहिनीनेच माझ्या लग्नात भाकऱ्या भाजल्या. मग माझी बायको गरोदर राहिली. मग पाऊस फिरकला नाही. मग सातवं वर्ष आलं, ज्या वर्षी आम्ही जमीन पडीक ठेवतो. मी म्हणालो की पडीक वर्षात नवा संसार मांडत नाहीत. असा काही नियम नाही. मी तो त्याच सकाळी उंबऱ्यावर बसून तयार केला होता.

ती एकदा पुन्हा वेशीवर गेली. अझन्याबाबा तोवर गेले होते. नव्या पंचांनी मला बोलावलं.

"यरीब, तू हिला नाही म्हणतोस का?"

"मी? कधीच नाही," मी म्हणालो. "माझा शब्द कायम आहे."

पंच वहिनीकडे वळले. "बाई, नाही म्हणणाऱ्याची वहाण काढता येते. हो म्हणणाऱ्याची कशी काढायची?"

मला वाटतं, तेव्हा तिला सगळं कळलं. घरी येताना ती माझ्या चार पावलं मागे चालत होती.

त्यानंतर दोन वर्षांनी खालच्या वस्तीतला एक कुंभार आला. भला माणूस होता, बायको वारलेली. त्याने वहिनीला मागणी घातली. मी त्याला दारातच सांगितलं, "ती माझ्या नावावर आहे. परक्याला देता येत नाही, नियम आहे." वहिनी आत पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. कुंभार तिच्यासाठी आणलेलं नवं मडकं ओट्यावर तसंच ठेवून गेला, आणि त्यात मी पुढे कितीतरी वर्षं माझं तेल साठवलं.

मी तिला कधी उपाशी ठेवली नाही. कधी आवाज चढवला नाही. माझ्या दोन्ही मुलांना तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं, आजारपणात रात्री जागवल्या. गावात माझी वाहवा होती. हदलै मेला तेव्हा त्याच्या तिरडीमागेही लोक अनवाणी, अनवाणी म्हणून कुजबुजत होते, आणि मला वेशीवर बसायला दगड मिळाला होता. मी पंच झालो होतो. मेलेल्यांच्या वाट्यांचा निवाडा करायला लोक मला बोलवायचे, आणि मी तो करायचो. किळस कशाला म्हणतात हे मला हदलैने शिकवलं असं मी समजत होतो. त्याचा पाय, त्याची नखं, त्याची दाढी. पण त्या पायाला निदान वास होता. माझ्या शब्दाला कसलाच वास येत नव्हता, म्हणून तिने तो चोवीस वर्षं तोंडात धरला.

चोविसाव्या वर्षी झोडणीच्या दिवसांत मी बनात उभा होतो. माझी मुलं काठ्या घेऊन झाडांवर चढली होती, फळं खाली पसरलेल्या कापडांवर पडत होती. वहिनी टोपली घेऊन वेचत होती. केस पिकले होते, पाठ थोडी वाकली होती. वेचता वेचता ती माझ्यापाशी आली आणि टोपली खाली ठेवली.

"यरीब."

"काय वहिनी?"

"गेलं सबंध वर्ष मला विटाळ नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, चूल पेटली आहे असं सांगावं तसा. "आता येणारही नाही. तुला सांगून टाकावं म्हटलं. उगाच कारणं शोधत बसशील."

तिने टोपली उचलली आणि पुढच्या झाडाखाली जाऊन पुन्हा वेचायला वाकली.

दुःख झालं असतं तर मी ही गोष्ट सांगितली नसती. लाज वाटली असती तरी नसती सांगितली. मला हायसं वाटलं. उन्हातून आल्यावर कुणी थंड पाणी द्यावं तसं सगळ्या अंगाला बरं वाटलं. मी हसलोसुद्धा असेन. मी वर पाहून मुलांना हाक मारली.

"पोरांनो, हे बन आता आपलं झालं रे!"

काठ्या थांबल्या. फांद्यांतून धाकट्याने डोकं बाहेर काढलं. तो सतरा वर्षांचा होता, या बनातच वाढलेला.

"म्हणजे?" तो म्हणाला. "इतके दिवस कुणाचं होतं?"

पलीकडच्या झाडाखाली वहिनीचे हात थांबले. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती.

मी त्याला शेंड्यावरची फळं झोडायला सांगितलं.